घाटेअळीच्या कोषातून निघालेली काळी गांधीलमाशी: नाव कुठवर सांगता येतं, आणि ही नावं येतात कुठून

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीमकडच्या हरभऱ्यात पानाआड एक पांढुरका-करडा कोष सापडला, त्याला घाटेअळीची वाळून चिपाड झालेली कातडी चिकटलेली. प्रश्नकर्त्यांनी तो बाटलीत ठेवला आणि काही दिवसांनी त्यातून पाच-सहा मिलिमीटरची, काळ्या अंगाची, तांबूस पायांची गांधीलमाशी निघाली. फोटो टाकल्यावर एकाने 'इक्न्यूमॉन' सांगितलं, दुसऱ्याने 'ब्रॅकॉन', तिसऱ्याने 'कोटेशिया'. मोबाइलमधल्या अ‍ॅपने तर युरोपातल्या कुठल्याशा जातीचं नाव दिलं. आता त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत: हिचं खरं नाव काय, आणि ही नावं इतकी अवघड का, आणि ती सारखी का बदलतात?

कडधान्यांवरच्या अळ्या शेतातून आणून वाढवायच्या आणि त्यांतून काय निघतं ते पाहायचं, हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. त्यामुळे आधीच सांगतो की इथे खरी अडचण नावाची नाहीच. या फोटोवरून आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून किती खात्रीने बोलता येतं, ही आहे. परोपजीवी गांधीलमाश्यांत कुल ओळखणं बहुतेक वेळा जमतं, प्रजाती (नावातला पहिला शब्द) कधी जमते, आणि जात (दुसरा शब्द) फोटोवरून सांगणारा माणूस एक तर त्या गटाचा पक्का जाणकार असतो किंवा त्याला पुढच्या अडचणी माहीत नसतात. एकट्या इक्न्यूमोनिडी कुलात जगभरात २५ हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत, आणि त्यांतल्या असंख्य जातींचं वर्णन 'काळं अंग, तांबूस पाय' या चार शब्दांत बसतं.

आधी नको ती नावं बाजूला काढू. घाटेअळीतून कार्सेलियासारख्या टॅकिनिड माश्याही निघतात. पण त्यांना पंखांची एकच जोडी, स्पर्शिका आखूड, आणि त्यांचा कोष विणलेला नसतो. तपकिरी, गुळगुळीत, बियाण्यासारखा दिसतो तो. तुमच्या फोटोत चार पंख आहेत, बारीक कंबर आहे आणि स्पर्शिका लांब, सरळ, पुष्कळ मण्यांच्या आहेत. म्हणजे गांधीलमाशीच, आणि चाल्सिड गटातलीही नव्हे. चाल्सिड सहसा याहून लहान असतात, स्पर्शिका कोपरात वळलेल्या, आणि पंखांवर शिरा जवळजवळ नसतातच.

राहिली दोन कुलं, इक्न्यूमोनिडी आणि ब्रॅकोनिडी. इथे रंग, आकार, लांबी काही कामाचं नाही. पुढच्या पंखाच्या शिरा बघायच्या. पंखाच्या मधल्या भागातून मागच्या कडेकडे उतरणाऱ्या दोन आडव्या शिरा असतील तर इक्न्यूमोनिडी, एकच असेल तर ब्रॅकोनिडी. इक्न्यूमोनिडीत आणखी एक छोटी शीर नसते, त्यामुळे पंखाच्या मध्यावर दोन कप्पे एक होऊन घोड्याच्या डोक्यासारखा मोठा कप्पा तयार होतो. एकदा तो दिसायला लागला की पुन्हा नजरेतून सुटत नाही. अपवाद आहेत, विशेषतः अगदी बारीक जातींत दुसरी आडवी शीर गायब असू शकते. अशा वेळी पोटाची पाठ बघतात. ब्रॅकोनिडीत पोटावरचा दुसरा आणि तिसरा खंड एकमेकांना जुळून पक्के झालेले असतात, इक्न्यूमोनिडीत ते बहुधा सुटे हलतात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत डाव्या पंखावर दोन्ही शिरा दिसताहेत. तेव्हा इक्न्यूमोनिडी. 'इक्न्यूमॉन' म्हणणाऱ्यांचं कुल बरोबर आहे, पण इक्न्यूमॉन नावाची एक प्रजातीही आहे आणि ही ती नव्हे. कोटेशिया हा ब्रॅकोनिडीतला, म्हणून तो सुटला. ब्रॅकॉन गटातली हेब्रोब्रॅकॉन हेबेटर घाटेअळीवर येते खरी, पण ती अळीला बाहेरून दंश करून लुळी करते आणि तिची पिल्लं अळीच्या अंगावर बाहेरूनच वाढतात. तुमच्याकडे अळीच्या आत वाढलेला एकच जीव बाहेर पडला आणि त्याने स्वतःचा कोष विणला. ही माहिती फोटोइतकीच मोलाची आहे.

या माहितीवर मी पुढचं पाऊल टाकतो. हरभरा, घाटेअळी, लहान वयातच मेलेली अळी, शेजारी एकटा कोष, काळी-तांबूस बारीक कंबरेची गांधीलमाशी: हे सगळं जुळलं की आपल्याकडे सगळ्यात आधी जिचा विचार करायचा ती कॅम्पोलेटिस क्लोरिडी. ती घाटेअळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतल्या पिल्लांत अंडं घालते. अळी काही दिवस खात राहते, पण मोठी होऊन घाटे पोखरायच्या आत मरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हिचं महत्त्व त्यातच आहे, कारण घाट्याचं खरं नुकसान मोठ्या अळ्या करतात.

तरी मी 'बहुधा' म्हणतोय. घाटेअळीतून एरिबोरस अर्जेंटिओपायलोसस नावाची दुसरी एक जातही निघते. तीही इक्न्यूमोनिडी, त्याच कॅम्पोप्लेजिनी उपकुलातली आणि तितकीच काळी. दोघींत पटकन फरक करायला पुढच्या पंखात मधोमध, वरच्या बाजूला एक चिमुकला बंद कप्पा शोधायचा. त्याला अरिओलेट म्हणतात. कॅम्पोलेटिसमध्ये तो असतो, एरिबोरसमध्ये नसतो. तुमच्या फोटोत नेमक्या त्या जागी उजेड पडून पांढरा डाग आला आहे.

दुसरी शंका आणखी मूलभूत आहे. कोष ज्याने विणला तोच जीव बाहेर आला का? परोपजीवीवर जगणारे परोपजीवी असतात, आणि ते कोषात आयते शिरून आतल्या मालकाला संपवून स्वतः बाहेर पडतात. कोषातून भलतीच दिसणारी, चमकदार, छोटी गांधीलमाशी निघाली तर आधी हाच संशय घ्यावा. कोषाचं भोक पाहिलं तर अंदाज येतो. मूळ मालक टोकाला गोल झाकणासारखा तुकडा कापून निघतो, पाहुणा बाजूला वेडंवाकडं भोक पाडतो. तुमचा रिकामा कोष फेकला नसेल तर त्याचाही फोटो टाका. फेकला असेल तर पुढच्या वेळी लक्षात ठेवा, रिकामा कोष आणि अळीची कातडी हा पुरावा असतो.

अ‍ॅपबद्दल फार बोलत नाही. ते तुमच्या फोटोसारखा दिसणारा फोटो शोधतं, आणि या गटाचे नीट ओळख पटवलेले फोटो युरोप-अमेरिकेतले जास्त आहेत. ते पंखातल्या शिरा मोजत नाही आणि गांधीलमाशी कशातून निघाली हे त्याला कुणी सांगत नाही.

आता नावांकडे येऊ, मला स्वतःला यात जास्त रस आहे.

इक्न्यूमॉन हा ग्रीक शब्द, अर्थ माग काढणारा. 'इक्नोस' म्हणजे पाऊलखूण. ग्रीक लोक हा शब्द इजिप्तच्या मुंगसासाठी वापरत, आणि अ‍ॅरिस्टॉटलने तोच कोळी पकडणाऱ्या एका गांधीलमाशीलाही लावला. दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ च्या 'सिस्टिमा नॅचुरी'त तो अशा गांधीलमाश्यांच्या एका मोठ्या ढिगाला दिला. त्या मुंगसाचं शास्त्रीय नाव आजही हर्पेस्टिस इक्न्यूमॉन असंच आहे. लिनियसची आणखी एक सवय होती, जातीला 'अमुक करणारा' अशा थाटाचं लॅटिन नाव द्यायची. त्याच्या काही जाती आज रिसा पर्सुआसोरिया, एफिआल्टिस मॅनिफेस्टेटर या नावांनी ओळखल्या जातात, म्हणजे एक मन वळवणारी आणि दुसरी उघड करणारी. यातून त्या काय खातात, कुठे राहतात याचा काडीचा पत्ता लागत नाही. नावाचा अर्थ लावून प्राणी ओळखायला निघालेल्यांची पहिली निराशा इथेच होते.

कॅम्पोलेटिस हे नाव जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आर्नोल्ड फोर्स्टर यांनी १८६९ मध्ये दिलं. या गृहस्थांनी त्या एका ग्रंथात इक्न्यूमोनिडीच्या प्रजातींची शेकड्याने नावं पाडली, आणि त्यांचा गुंता सोडवता सोडवता पुढच्या पिढ्या थकल्या. पण हे नाव अर्थपूर्ण आहे. ग्रीकमध्ये 'काम्पे' म्हणजे अळी आणि 'ओलेटिस' म्हणजे नाश करणारी. जोडून वाचलं की अळीचा नाश करणारी. तुमच्या बाटलीतल्या पाहुणीला ते शोभतं, पण शेजारच्या डझनभर प्रजातींनाही तितकंच शोभलं असतं.

खरी गंमत दुसऱ्या शब्दात आहे. क्लोरिडी म्हणजे 'क्लोरिडिआची'. क्लोरिडिआ हे घाटेअळीच्या पतंगाचं जुनं प्रजाती-नाव. जपानी कीटकशास्त्रज्ञ उचिदा यांनी १९५७ मध्ये या गांधीलमाशीचं वर्णन केलं आणि यजमानाच्या, म्हणजे ती ज्याच्यात वाढते त्या किड्याच्या, नावावरून तिला नाव दिलं. पुढे यजमान हेलिओथिस म्हणून गाजला. १९६५ मध्ये हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली, आणि आज आपण घाटेअळीला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा म्हणतो. गांधीलमाशीच्या नावात मात्र यजमानाचं जुनं नाव गोठून राहिलं. त्यावर कडी म्हणजे क्लोरिडिआ हे नाव २०१३ मध्ये पुन्हा वापरात आलं, पण अमेरिकेतल्या तंबाखूवरच्या अळीच्या गटासाठी. तेव्हा आज कुणी शब्दशः अर्थ लावला तर तो वेगळ्याच पतंगापाशी पोचेल.

हे एकटंदुकटं उदाहरण नाही. कोकणात नारळाच्या पानांवरच्या काळ्या डोक्याच्या अळीसाठी जो परोपजीवी सोडतात, त्याचं नाव गोनिओझस नेफँटिडिस. त्या अळीचं एके काळचं नाव नेफँटिस सेरिनोपा होतं, आज ते ओपिसिना अरेनोसेला आहे. ट्रायकोकार्डवरची, म्हणजे किडीची अंडी मारायला शेतात लावतात त्या कार्डावरची, ट्रायकोग्रामा चिलोनिस घ्या. चिलो ही खोडकिड्यांची प्रजाती, आणि तिच्यावरून इशी यांनी १९४१ मध्ये हे नाव दिलं. पण ही जात चिलोपुरती मुळीच नाही, ती कितीतरी पतंगांच्या अंड्यांवर जगते. कार्डावर चिकटवलेली अंडी तर कॉर्सिराची, म्हणजे धान्यातल्या पतंगाची असतात. ट्रायकोग्रामा या शब्दातली ग्रीक मुळं मात्र प्रत्यक्ष उपयोगी आहेत: 'थ्रिक्स' केस, 'ग्रामा' रेघ. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पंखावर केसांच्या ओळी दिसतात आणि त्यावरून गट ओळखू येतो.

पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणलेली असेरोफॅगस पपाये आठवतेय का? 'फॅगस' म्हणजे खाणारा आणि पुढे 'पपईचा'. कोऱ्या मनाने वाचणारा तिला पपईची कीड समजून फवारणी करेल. प्रत्यक्षात ती पपईवरच्या किडीत वाढते.

म्हणून माझा शिरस्ता असा आहे: आधी शरीराच्या खुणांवरून आणि यजमानावरून ओळख पटवायची, अर्थ नंतर बघायचा. जातीच्या नावातलं यजमानाचं नाव फक्त एवढंच सांगतं की पहिल्यांदा वर्णन करणाऱ्याच्या हातात ती कशातून आली होती. आणि तिथेही यजमानाचं नाव त्या काळचं.

नावं का बदलतात, याची उत्तरं दोन-तीन आहेत आणि ती वेगवेगळी ठेवायला हवीत.

पहिलं, जात तीच राहते पण तिचं घर बदलतं. लिनियसने १७५८ मध्ये कोबीवरच्या फुलपाखराच्या अळीतून घोळक्याने निघणाऱ्या गांधीलमाशीला इक्न्यूमॉन ग्लोमेरेटस म्हटलं. 'ग्लोमेरेटस' म्हणजे गोळा झालेला, आणि तिचे पिवळे कोष खरोखरच पुंजक्याने असतात. पुढे ती अपँटेलिस ग्लोमेरेटस झाली. १९८१ मध्ये मेसन यांनी अपँटेलिसचा अवाढव्य पसारा फोडला, तेव्हापासून ती कोटेशिया ग्लोमेरेटा. शेवटचा 'टस' जाऊन 'टा' आला तो व्याकरणामुळे. कोटेशिया हे लॅटिन नियमाने स्त्रीलिंगी, मग विशेषणही तसं होतं. नावानंतर (लिनियस, १७५८) असं कंसात लिहिलेलं दिसलं की समजायचं, जातीचं नाव ठेवलं तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती. कोटेशिया फ्लेविपेस कॅमेरॉन, १८९१ याला कंस नाही, म्हणजे मूळ घर तेच. 'फ्लेविपेस' म्हणजे पिवळ्या पायांची. कोटेशिया हे नाव कॅमेरॉन यांनी ज्यांच्यावरून ठेवलं ते ई. सी. कोट्स कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये कीटकशास्त्रज्ञ होते. ग्रीक-लॅटिन वाटणाऱ्या शब्दात एखादा नोकरदार माणूस लपलेला असतो तो असा.

दुसरं, ओळखच मुळात धूसर असते. ट्रायकोग्रामाची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि माद्या एकमेकींसारख्या. आपल्याकडची ट्रायकोग्रामा चिलोनिस बराच काळ ऑस्ट्रेलिकम या नावाने वावरली, मग कन्फ्युझम म्हणून. तो गोंधळ निस्तरण्यात बंगळुरूला काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांचा मोठा वाटा आहे. नराच्या जननेंद्रियांची रचना हीच भरवशाची खूण, हे त्यांनी १९७१ च्या आसपासच्या लेखांतून दाखवून दिलं. म्हणून ट्रायकोग्रामाचा फोटो पाठवून जात विचारणाऱ्यांना मी नर आहे का, एवढंच विचारतो.

तिसरं कारण मराठी वाचकाला थोडं लागण्यासारखं आहे. कपाशीवर पिठ्या ढेकणाने उच्छाद मांडला तेव्हा त्याच्यातून एक छोटी गांधीलमाशी मोठ्या प्रमाणात निघू लागली. अलीगढचे मोहम्मद हयात यांनी २००९ मध्ये ती नवी जात म्हणून वर्णिली आणि राष्ट्रीय एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. बंबावाले यांच्या सन्मानार्थ नाव दिलं, एनॅसिअस बंबावालेई. २०१४ मध्ये लक्षात आलं की जिरॉ यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतून वर्णिलेली अ‍ॅरिझोनेन्सिस ती हीच. नियम असा की जुनं नाव टिकतं, म्हणून आता एनॅसिअस अ‍ॅरिझोनेन्सिस. आपल्या माणसाचं नाव मागे पडलं याची चुटपुट लागते, पण या बदलाने मोठा उलगडा झाला. तो पिठ्या ढेकूण, फेनॅकोकस सोलेनॉप्सिस, मूळचा अमेरिकेतलाच. गांधीलमाशीही तिकडचीच, हे जुन्या नावाखालच्या नोंदींमुळे स्पष्ट झालं. जुने लेख शोधताना मात्र दोन्ही नावं टाकून शोधा, नाहीतर २००९ ते २०१४ मधलं बरंचसं काम हाती लागणार नाही.

आता तुमच्या नमुन्याचं काय करायचं ते. मेली असेल तर वाळू देऊ नका, पंख मुडपतात आणि पाय तुटतात. छोट्या कुपीत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, त्यात पुढेमागे डीएनए तपासणीही करता येते. जिवंत असेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली की पुरे. कोष आणि अळीची कातडी वेगळ्या कोरड्या कुपीत घाला आणि दोन्हींना एकच क्रमांक द्या. कुपीच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी हवी, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तालुका, पीक, अळी कोणती, कोष सापडल्याची तारीख, गांधीलमाशी निघाल्याची तारीख. ही माहिती नसेल तर सुंदर नमुनाही अभ्यासकाच्या फारसा कामी येत नाही, आणि माहिती असेल तर पाय तुटका नमुनाही चालतो.

पक्की ओळख हवी असेल तर आधी जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात विचारा. तुमच्यासाठी अकोला सोयीचं. तिथून गरज पडली तर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे नमुना जाऊ शकतो. उत्तर किती दिवसांत येईल हे तिथे त्या गटाचा जाणकार कोण आहे यावर अवलंबून. शेतापुरता निर्णय घ्यायला मात्र एवढं थांबायची गरज नाही. असे कोष झाडाझाडावर दिसत असतील आणि अळ्या अजून लहान असतील, तर सरसकट कडक कीटकनाशक मारण्याआधी चार ठिकाणी अळ्या मोजा. कोष मोजक्या झाडांवर आणि मोठ्या अळ्या घाट्यांत डोकं खुपसून बसलेल्या, असं चित्र असेल तर हिच्या भरवशावर राहता येणार नाही.

आणि मला एक फोटो हवा आहे: उजवा पुढचा पंख पांढऱ्या कागदावर सपाट पसरून, उजेड बाजूने घेऊन, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. अरिओलेट दिसला तर मी कॅम्पोलेटिस लिहीन आणि जातीपुढे 'बहुधा' ठेवीन. नाही दिसला तर एरिबोरसपासून पुन्हा सुरुवात करू.